पाय म्हणजे काय?

पुरुषसूक्तातला पुरुष म्हणजे माणसाची जाणीव. डोकं म्हणजे विचार, पाय म्हणजे कर्म. सगळं आतलं, बाहेरचं कोणी मनावर घेऊ नये. असा अर्थ लावणारे हल्ली पुष्कळ भेटतात. वर आम्हांलाच म्हणतात, तुम्ही कविता लिहिता ना, तुम्हांला रूपक कळायला पाहिजे.

रूपक कळतं म्हणूनच विचारतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं हे 90 वं सूक्त. त्यात पायातून शूद्र निघाला. आमचा तर पायातही नंबर नाही. मग जाणिवेचा असा कुठला अवयव आहे, जो अंगाबाहेर, गावकुसापलीकडं राहतो?

गांधींनी कुरुक्षेत्र माणसाच्या हृदयात नेलं. बरं केलं, तिथं कोणाचं रगत सांडत नाही. पण मुंबईच्या गिरण्यांत विणाईखातं आम्हांला बंद होतं. पगार तिथं जास्त. कांडी बदलली की धोट्यातला धागा तोंडानं ओढायला लागायचा आणि आमची थुंकी इतरांना चालत नव्हती. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं ठेवला. ती थुंकी काय रूपक होती? आज मी सूतगिरणीत धागे सांधतो, तेव्हा हे हटकून आठवतं.

1936 साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी साफ सांगितलं, व्याकरणानं शास्त्राचा काय अर्थ निघतो याला किंमत नाही, लोक काय अर्थ घेत आले त्याला आहे.

कोणी म्हणेल, तुम्हीही तेच करता. करतो की. 1957 ला निघालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये माराची पोरं म्हणजे मनातले दुष्ट विचार आणि वासना, असंच आहे. मलाही मार आतलाच वाटतो. तिसऱ्या पाळीला, पहाटे चारच्या सुमाराला, डोळ्यांवर झोप आणि कानात मुकादमाची शिवी असताना मी त्याला बघितलाय, चांगला जवळून. पण माराची गोष्ट सांगून कोणी आमचा पाणवठा बंद केला नाही. कल्पनेतून आलेलं कल्पनेत ठेवता येतं. जे पाठीवर उमटलं, ते परत मनात कसं नेणार?

25 डिसेंबर 1927 ला महाडात मनुस्मृती जळली. तोवर शेकडो वर्षं तसल्या ओळी आमच्यासाठी हुकूम होत्या. आता विचारायला गेलं की म्हणतात, ते प्रतीक आहे. हुकमाचं प्रतीक कुठल्या साली झालं, तेवढी तारीख सांगा.