निकालाआधीची नोंद

पोकरसाठी वही ठेवणारे बरेच जण तिच्यात जमाखर्चच मांडतात: आज किती आले, किती गेले. हा हिशेब हवाच, पण त्याने खेळ सुधारत नाही. या खेळात योग्य निर्णय हरतो, चुकीचा जिंकतो आणि असं रोज घडतं.

टेक्सास होल्डेमचा एक डाव घ्या. तुमच्या हातात बदामची दोन पानं आहेत, टेबलावर उघडलेल्या चार पानांत आणखी दोन बदाम. पाचवं बदाम आलं की फ्लश. न दिसलेल्या 46 पानांत 9 बदाम आहेत, म्हणजे संधी सुमारे 20 टक्के. पॉटमध्ये 200 चिप्स आहेत आणि समोरचा आपल्या उरलेल्या सगळ्या 200 लावतो. 400 मिळवायला 200 घालायचे, तर तीन डावांत एक जिंकायला हवा. तुम्ही जिंकाल पाचात एक. गणित सांगतं, पानं टाका. तरीही कॉल केला आणि बदाम आलं, तर तोच डाव धाडस म्हणून वर्षभर लक्षात राहतो.

निकाल कळला की आठवण त्याच्या बाजूने झुकते. 1972 मध्ये निक्सन यांच्या चीन आणि सोव्हिएत दौऱ्याआधी बारुख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून अंदाज घेतले: कोणती घटना घडेल, किती शक्यता आहे. दौऱ्यानंतर त्यांना आपलेच अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं अनेकांना आठवलं. खोटं कोणी बोलत नव्हतं.

म्हणून नोंदीत निकाल शेवटी यावा, किंवा येऊच नये. आधी लिहावं: पॉट किती होता, कोण माझ्याआधी बोलणार होता आणि कोण नंतर, समोरच्याकडे कोणती पानं असतील असं मला वाटलं, आणि का. हे ‘का’ लिहिताना हात अडला, तर तिथे विचार नव्हता, नुसती इच्छा होती.

प्रतिस्पर्ध्याबद्दलही विशेषणं नकोत. ‘घाबरट’ या शब्दाने पुढच्या डावात काही ठरवता येत नाही. ‘शेवटच्या पानावर मोठी बेट आली की एक जोडी टाकून देतो, दोनदा पाहिलं’ या नोंदीने येतं. त्यातलं ‘दोनदा’ फार मोलाचं, कारण पुरावा किती तोकडा आहे हेही ते सांगतं.

पैशाऐवजी नुसत्या चिप्सवर खेळतानाही ही वही तितकीच कामाची आहे. पानं आपल्या हातात नसतात, निर्णय असतो. निर्णयाचं श्रेय आणि दोष नशिबाच्या खात्यावर जाऊ द्यायचा नसेल, तर तो निकालाच्या आधी जसा होता तसा कागदावर असायला हवा.