प्रसंगाने घडलेली यात्रा

पुण्याजवळच्या पुनावळ्यातल्या सोसायट्यांत गोव्याचा बेत अडतो तो आधी सुट्ट्यांवर. घरातल्या एकाची नोकरी हिंजवडीत, त्याला शनिवार-रविवार मोकळे. दुसऱ्याची चाकण-भोसरीकडच्या कारखान्यात, तिथे साप्ताहिक सुट्टी बहुधा गुरुवारी. रजा टाकून, शिफ्ट बदलून कसेबसे दोन दिवस जमतात. गाडीच्या डिकीत पोहण्याचे कपडे जातात आणि त्यांच्या शेजारी ओटीचं सामान, कारण शनिवारी कळंगुट असलं तरी रविवारी सकाळी कुलदैवत ठरलेलं असतं, मंगेशी किंवा कवळ्याची शांतादुर्गा. मग घरातलं एखादं वडीलधारं माणूस विचारतंच, ‘देवाला चाललाय की मजा मारायला?’

टोमणा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. माणूस एका कामासाठी निघाला आणि वाटेत देवदर्शन झालं, तर ती यात्रा धरायची का?

धर्मशास्त्राने हा प्रश्न झटकलेला नाही, उलट त्याचा चोख हिशेब मांडला आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला. प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांवरचा हा निबंधग्रंथ. (शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे गागाभट्ट याच घराण्यातले.) तीर्थयात्रेवरच्या अशा ग्रंथांत फळाच्या वाटण्या दिलेल्या आहेत. दुसऱ्याच्या वतीने, मोबदला घेऊन गेलेल्याला सोळावा हिस्सा. दुसऱ्या कामासाठी निघून प्रसंगाने तीर्थाला पोचलेल्याला निम्मं फळ. वाहनाने गेलं तर निम्मं जातं, छत्री-पादुका वापरल्या तर पाव, व्यापार केला तर पाऊण आणि तिथे दान घेतलं तर सगळंच.

हे कोष्टक पुनावळेकरांना लावून पाहायला मजा येते. बीचसाठी निघाले म्हणून निम्मं गेलं, गाडीने गेले म्हणून उरलेल्यातलं निम्मं. कंपनीच्या खर्चाने ऑफसाइटला गेलेल्यांनी तर आकडेमोड न केलेलीच बरी. पण थट्टा संपली की या निबंधकारांचा समंजसपणा जाणवतो. त्यांनी प्रसंगाने गेलेल्याला ढोंगी ठरवलं नाही. माणूस मिश्र हेतूंनीच घराबाहेर पडतो, हे मान्य करून त्यांनी त्याच्या पदरात अर्धं माप टाकलं. आजचा टोमणा तेवढाही उदार नाही.

अडचण वेगळीच आहे. हा हिशेब तीर्थांचा. तीर्थाचं पुण्य जागेला चिकटलेलं असतं. गया उचलून दुसरीकडे नेता येत नाही. गोव्यातली कुलदैवतं मात्र उचलून नेलेलीच आहेत.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. पुढच्या काही दशकांत तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीतली देवळं पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं. त्याच सुमारास कुशस्थळीचा मंगेश जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला. नदीपलीकडचा फोंड्याचा मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. म्हणजे देवांनीच दुसऱ्या राज्यात आसरा घेतला, तोही सुलतानाच्या. बांदोड्याच्या नागेशाला हलावं लागलं नाही, तो आधीपासून तिथलाच. पुढे मराठेशाहीने या विस्थापित देवांना जमीन दिली: मंगेशीला पेशव्यांचे सरदार रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्यामुळे, कवळ्याला शाहूंचे मंत्री नारो राम यांच्यामुळे गाव मिळालं. फोंडा १७६३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, पण तोवर दोन शतकं उलटली होती आणि देवळांना हात न लावण्याचं त्यांना कबूल करावं लागलं होतं.

दैवताची जागा सुटली, पण त्याचं कूळ सुटलं नाही. म्हणून कुलदैवताला जाणं हे पुण्य मिळवण्यापेक्षा घरच्या वडीलधाऱ्यांना भेटून येण्यासारखं आहे. मित्राच्या लग्नाला गेलेला पुतण्या काकूकडे तासभर डोकावला, तर काकू थोडी रुसते, पण त्याच्या भेटीला दोनाने भागत नाही. अर्ध्या फळाचं कोष्टक इथे मुळात लागूच पडत नाही.

नातं म्हटलं की ते तुटण्याची परीक्षाही आली, आणि ती इतिहासाने घेतली. पोर्तुगीज सरकारने १९५१ मध्ये आपल्या वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ असं नाव दिलं. गोवा मात्र असा प्रांत की, पुण्याहून तिथे पोचायला सागर ओलांडावा लागत नसे. समुद्र ओलांडण्यावरच्या जुन्या धर्मबंदीचं प्रायश्चित्तही कुणाला घ्यावं लागलं नसतं. तरी हद्द परक्या देशाचीच. ती मोडायला मे १९५५ मध्ये ना. ग. गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. गोऱ्यांची ती फेरी आग्वादच्या तुरुंगापर्यंत गेली आणि १९५७ पर्यंत लांबली. आता त्याच आग्वादला वीकेंडवाले फोटो काढतात. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबारानंतर भारताने सरहद्द बंद केली, रेल्वेही थांबली. मुंबई-पुण्याकडच्या कितीतरी घरांचं कुलदैवत गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, बंद दाराआड राहिलं. तीर्थाचा नियम लावला तर त्या वर्षांचं फळ शून्य. पण त्या घरांतून देवाची आठवण गेली नाही, आणि दार उघडल्यावर माणसं पुन्हा जाऊ लागली.

पुनावळ्यापासून देहू फार लांब नाही. तिथून दरवर्षी आषाढीसाठी हजारो माणसं पायी पंढरीला निघतात. त्यांच्याशी तुलना केली तर गोव्याचा वीकेंड फिकाच, हे कबूल करावं. वारकरी चालण्यालाच साधना मानतो. त्याला मधल्या गावांचं महत्त्व आहे. एसी गाडीतून आंबोलीचा घाट उतरणाऱ्याला मधलं सगळं फक्त अंतर. नात्याचा युक्तिवाद ही उणीव भरून काढत नाही.

आणि नात्याच्या युक्तिवादालाही एक भोक आहे. कूळ ठरवतं कोण? या देवळांची महाजनकी वंशपरंपरेने ठराविक घराण्यांकडे चालत आली. माहेरचं कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा असलेली मुलगी जेजुरीच्या खंडोबाच्या घरात दिली, की रूढीप्रमाणे तिचं कुलदैवत बदलतं. अशी एखादी पुनावळ्यातली सून नवऱ्याच्या बीच-ट्रिपमध्ये हट्टाने कवळ्याचा फाटा घालते, तेव्हा निबंधकारांच्या लेखी ती प्रसंगाने आलेली, आणि कुळाच्या लेखी तर परक्या घरची. डिकीतली ओटी मात्र बहुतेक वेळा तिनेच भरलेली असते.