पेत्र दुसऱ्यांदा घाबरला तेव्हा

पेत्र दोनदा घाबरला. पहिली वेळ बहुतेकांना माहीत असते. येशूला अटक झाली त्या रात्री महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात शेकोटी पेटली होती, पेत्र गर्दीत मिसळून शेकत बसला होता, आणि एका दासीने त्याला ओळखलं. हाही त्याच्याबरोबर होता, असं ती म्हणाली. पेत्र नाही म्हणाला. तीनदा नाही म्हणाला, आणि कोंबडा आरवला. या भीतीबद्दल त्याला फार बोल लावावासा वाटत नाही. पकडलो गेलो तर काय होईल हे त्याला समोर दिसत होतं.

दुसरी वेळ चर्चमध्येही कमी सांगितली जाते. ही गोष्ट अंत्युखियाची. हे शहर आज तुर्कस्तानात आहे. तिथल्या मंडळीत यहुदी आणि बिगरयहुदी एका पंगतीला जेवत. जेवण कुणाबरोबर घ्यायचं यावर जात ठरते हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. त्यामुळे या पंगतीचं धाडस मराठी वाचकाला पटकन कळेल. पेत्रही त्या पंगतीला बसत होता. मग यरुशलेमहून, याकोबाकडून काही माणसं आली. जुने नियम कडक पाळणाऱ्या लोकांचा धाक वाटून पेत्र हळूहळू त्या पंगतीतून मागे सरला आणि वेगळा जेवू लागला. त्याचं पाहून बाकीचे यहुदी सरले, बर्णबासारखा भला माणूसही सरला.

इथे शिपाई नव्हते, तुरुंग नव्हता, क्रूस तर नव्हताच. भीती फक्त आपल्याच माणसांच्या नजरेची होती. आणि हा पेत्र म्हणजे पुनरुत्थित येशूला पाहिलेला, हजारोंसमोर उभं राहून प्रवचन केलेला, तुरुंगवास भोगलेला पेत्र. मरणाची भीती ज्याने मागे टाकली, तो जेवणाच्या पंगतीत ‘लोक काय म्हणतील’ या वाक्याला बळी पडला.

म्हणून ‘विश्वास ठेवा, टीकेची भीती पळून जाईल’ असं कुणी सांगू लागलं की मला अंत्युखिया आठवतं. पळून जात नाही. मग श्रद्धा नेमकं करते काय?

याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मला पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सापडतं. करिंथ हे व्यापाराचं, वक्त्यांचं, नावलौकिकाच्या मागे धावणारं शहर. तिथल्या मंडळीत गट पडले होते. कुणी पौलाचं, कुणी अपुल्लोचं, कुणी केफाचं म्हणजे पेत्राचं नाव लावत होतं. पौलाची पत्रं जोरदार, पण माणूस समोर आला की अगदीच साधा आणि बोलणं तर टाकाऊ, असंही लोक म्हणत. हे त्याच्या कानावर होतं, कारण दुसऱ्या पत्रात त्याने स्वतःच ते नोंदवलं आहे. थोडक्यात, त्याला लोक तारे देत होते, आणि फारसे देत नव्हते.

त्यावर तो जे लिहितो त्यात तीन पायऱ्या आहेत. तुम्ही किंवा कुठल्याही माणसांच्या न्यायसभेने माझा निवाडा केला तर मला त्याचं फार वाटत नाही, ही पहिली. ही आपण आजही ऐकतो. दुसरी मात्र चमकवणारी आहे: मी स्वतःही स्वतःचा निवाडा करत नाही. माझं मन मला टोचत नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही. आणि तिसरी, माझा न्याय करणारा प्रभू आहे.

आज टीकेच्या भीतीवर जे औषध सर्रास मिळतं ते पहिल्या पायरीवर थांबतं आणि लगेच वळण घेतं. लोकांचं ऐकू नकोस, स्वतःच्या मनाचं ऐक. पण ज्याने रात्री दीड वाजता उशाशी फोन ठेवून दिवसभरात आपण काय बोललो याची उजळणी केली आहे, त्याला माहीत असतं की मनातला न्यायाधीश बाहेरच्यांपेक्षा दयाळू असतोच असं नाही. पौल ते न्यायालयही बंद करतो. त्याच्या पत्रांत वारंवार येणारा ‘नीतिमान ठरवणं’ हा शब्दप्रयोगच मुळी न्यायालयातला आहे. त्याच्या म्हणण्यानुसार निकाल आधीच लागला आहे, तो कृपेने लागला आहे, आणि आपल्या कामगिरीवर अवलंबून नाही. मग टीका कामाबद्दल काहीतरी सांगते. तुम्ही असावं की नसावं, हे ती ठरवू शकत नाही.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला यातला प्रभू मान्य नसेल. तरी हा प्रश्न त्यालाही लागू आहे की आपला शेवटचा निकाल आपण कुणाच्या हाती दिला आहे. तो बहुतेकदा आपण न ठरवताच देऊन बसलेलो असतो.

आता या विचाराचा एक घातक उपयोगही होतो, आणि तो ख्रिस्ती मंडळींत मी पुरेसा पाहिला आहे. ‘माझा न्याय देव करेल, तुम्ही कोण?’ हिशोब विचारला की देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका, असं पुढाऱ्याने सांगायचं. ज्याने हे वाक्य ढालीसारखं पुढे केलं, तो टीकेला भीत नाही असं कसं म्हणायचं? तो इतका भितो की त्याने कानच बंद केले आहेत. आणि ज्या पौलाच्या आधाराने तो बोलतो, त्याच पौलाने अंत्युखियात पेत्राला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं होतं. प्रेषिताला चूक दाखवता येते, हे नव्या करारातच लिहून ठेवलं आहे.

पंडिता रमाबाई या विषयात मला सगळ्यात जवळच्या वाटतात, कारण त्यांना एकाच बाजूने मार खावा लागला नाही. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोलकात्याच्या पंडितांनी ज्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली होती, त्या बाईने धर्म बदलला म्हटल्यावर महाराष्ट्रात गदारोळ उठला. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, पण असे आवाज थोडे होते. पुढे ‘केसरी’ने पंडिता ऐवजी ‘रेव्हरंडा’ म्हणा, अशी कुचेष्टा केली. विधवेला दिली जाणारी शिवी त्या शब्दात बेमालूम बसवली होती. आजच्या ट्रोलांना आपण नवीन काही करतोय असं वाटत असेल तर त्यांनी हे वाचावं.

दुसऱ्या बाजूला त्यांची नवी मंडळी होती. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर रमाबाई प्रश्न विचारत, आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेरल्डिन यांना ते अहंकाराचं लक्षण वाटे. चेल्टनहॅमला रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची गोष्ट निघाली, तर भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी कळवलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी नुकतीच सुटले आहे, दुसरं तसलंच जोखड मानेवर घेणार नाही. घरापासून हजारो मैलांवर, लहान मुलगी सोबत, आणि आसरा देणाऱ्यांनाच हे सांगायचं!

पण त्या बहिऱ्या नव्हत्या. शारदा सदन 1889 मध्ये मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याची त्याची हमी होती. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या तेव्हा वाद पेटला. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. इथे रमाबाईंची कड घेऊन टीकाकारांना मोडीत काढणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. रानड्यांचा आक्षेप आणि ‘रेव्हरंडा’ ही एकच गोष्ट नव्हे. आपल्या विधवा मुलीला शिकवायला पाठवणाऱ्या बापाची काळजी खरी होती. रमाबाईंची भूमिका अशी की मी कुणाला बोलावत नाही, पण माझी प्रार्थना लपवणारही नाही. त्याची किंमत त्यांनी मोजली. रानड्यांसारखा आधार गेला, आणि श्रद्धेने तो परत आणून दिला नाही. दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणणं, केडगावचं मुक्ती मिशन हे सगळं त्यानंतरचं.

मला सगळ्यात विशेष वाटतं ते त्यांनी 1907 मध्ये लिहिलेलं आत्मनिवेदन. ज्या बाप्तिस्म्यापायी एवढी निंदा सोसली, त्याबद्दल त्या त्यात म्हणतात की पहिली आठेक वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. टीकाकार टपून बसलेले असताना हे छापायला काय लागत असेल? ज्याला सतत स्वतःचा बचाव करायचा आहे, त्याच्या हातून हे वाक्य लिहिलं जाणार नाही. बचाव आता आपल्याकडे नाही, दुसऱ्या कुणाकडे आहे, असं वाटल्याशिवाय माणूस इतका उघडा पडू शकत नाही.

पेत्राने अंत्युखियात पौलाला काय उत्तर दिलं, ते कुठे नोंदलेलं नाही. पौल फक्त स्वतःची बाजू सांगतो. मात्र नव्या कराराच्या शेवटाकडे पेत्राच्या नावाचं एक दुसरं पत्र आहे. ते त्याने स्वतः लिहिलं असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटत नाही, पण ज्यांनी त्याच्या नावाने ते जपलं त्यांना पेत्र असा आठवत होता हे तर खरं. त्या पत्रात पौलाचा उल्लेख ‘प्रिय बंधू’ असा येतो. त्याच्या पत्रांचाही येतो, त्यातल्या काही गोष्टी समजायला अवघड आहेत अशा शेऱ्यासकट. पेत्राची फजिती सांगणारं गलतीकरांस पत्र त्याच पुस्तकात काही पानं आधी आहे, आणि ते कुणी काढून टाकलेलं नाही.