घेतलेलं परत देणं



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या बाराव्या आणि चौदाव्या श्लोकावर. चौदाव्यात भगवंत एक साखळी सांगतात: प्राणी अन्नातून, अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून आणि यज्ञ कर्मातून. बाराव्यात तर स्पष्टच बजावतात, की देवांनी दिलेलं त्यांना अर्पण न करता जो नुसताच भोगतो, तो चोर.

शाळेत हे पाठ केलं होतं. अर्थ भिडला तो गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, पुण्यातल्या आमच्या घरच्या बोअरचं पाणी आटलं तेव्हा. टँकरवाला फोन उचलत नव्हता, माझी चिडचिड चालली होती. आई शांतपणे म्हणाली, "नैवेद्य दाखवल्याशिवाय तू जेवत नाहीस. मग जमिनीतलं पाणी इतकी वर्षं उपसलंस, तिला परत काय दिलंस?"

मी गप्पच झालो.

रात्री हिशोब मांडला. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. आमची गच्ची १०० चौरस मीटर, पुण्याचा वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर. म्हणजे ७०,००० लिटर! २० टक्के वाया गेलं धरलं तरी ५६,०००. ते सगळं गटारात सोडून मी देवाकडे पाणी मागत होतो.

मे महिन्यात गच्चीचे पाइप एकत्र जोडून घेतले आणि वाळू-खडीच्या फिल्टरमधून बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडले. पहिल्या पावसाचं पाणी तेवढं बाहेर काढून टाकायचं, कारण त्यात गच्चीवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते.

खरं सांगतो, यंदाही दोन टँकर लागले. वाटलं, खर्च फुकट गेला. मग लक्षात आलं, मुरलेलं पाणी माझ्याच बोअरपाशी थांबत नाही. खडकाच्या भेगांतून ते शेजाऱ्यांकडेही जातं. आणि यज्ञात आहुती देताना आपण म्हणतो तरी काय? 'हे माझं नाही.' फळ माझ्याच नळाला यावं असा हट्ट धरला, तर तो यज्ञ कसला? तो व्यवहार झाला.

तेव्हा आजची साधना साधी आहे. पाऊस यायच्या आत आपली गच्ची झाडून काढा, आणि तिथलं पाणी कुठे जातं ते एकदा बघून या. सोसायटीत राहत असाल, तर पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय काढा.

राम कृष्ण हरी. उद्या भेटूच.