ज्यांचे पूर्वज कागदावर नाहीत

फोनवर ‘दाभोसा’ टाइप केलं की धबधबा येतो. लेंडी नदीचं पांढरंशुभ्र पाणी, पावसाळ्यातली गर्दी, रील्स, मुंबईहून एका दिवसात जाऊन येण्यासारख्या ठिकाणांच्या याद्या. दाभोसा हे जव्हार तालुक्यातलं गाव आहे, आसपास पाडे आहेत, तिथं नागली-वरई पिकवणारी आणि दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडणारी माणसं राहतात, हे कळायला बरंच खाली स्क्रोल करावं लागतं. मी या भागात जाते ती वंशावळी लिहून काढायला मदत करण्यासाठी. पगार नाही, पद नाही. एक वही, दोन पेनं आणि महिन्यातले एक-दोन रविवार.

हे सांगितलं की शहरातल्या मैत्रिणी खूश होतात. ‘आपली मुळं शोधायची! किती भारी!’ त्यांचं चूक नाही. महाराष्ट्रात या छंदाला जुनी परंपरा आहे. विसाव्या शतकात एकेका आडनावाचे जाडजूड कुलवृत्तांत निघाले. घराण्यातलंच कुणीतरी हौसेनं पत्रं पाठवायचं, गावोगाव फिरायचं आणि मूळ पुरुषापासून कालच्या बारशापर्यंत सगळ्यांना एका झाडावर बसवायचं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत. अमेरिकेत तर बऱ्याच राज्यांतली वंशावळ-मंडळं प्रमाणपत्रच देतात: अमुक सालाच्या आधी तुमचे पूर्वज इथं येऊन वसले होते, म्हणून तुम्ही ‘पायोनियर’ घराण्यातले. ते फ्रेम करून भिंतीवर लावता येतं.

दाभोशाच्या आसपास वंशावळ भिंतीवर लावायला लागत नाही. ती फायलीला लावायला लागते.

अनुसूचित जमातीचा दाखला असला तरी त्याची वैधता वेगळी मिळवावी लागते. त्यासाठी पडताळणी समितीपुढे वडिलांकडची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यायची असते. सोबत 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा एखादा कागद जोडता आला तर त्याचं वजन सगळ्यात जास्त. अनुसूचित जमातींच्या यादीचा राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशी निघाला, म्हणून ती तारीख. जंगलजमिनीचा दावा करायचा असेल, तर 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ती जमीन आपल्या ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं. दावा करणारा आदिवासी नसेल, तर तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं त्या भागात राहून जंगलावर पोट भरल्याचं दाखवायचं. थोडक्यात, नर्सिंगला नंबर लागलेल्या मुलीची जागा तिच्या पणजोबांवर अवलंबून असते. त्यांनी कुठल्यातरी कागदावर स्वतःचा ठसा ठेवलेला असेल, तर ठीक.

आता तो कागद कुठं शोधायचा? 1948 पर्यंत जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान होतं. मग ते ठाणे जिल्ह्यात आलं. मुंबई प्रांत, मुंबई राज्य आणि 1960 नंतर महाराष्ट्र झालं. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा निघाला. ज्या घराच्या ओट्यावर बसून मी वही उघडते, ते घर या सगळ्या काळात फार तर नदीच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सरकलेलं असतं. माणसं जागची हलली नाहीत. त्यांच्यावरचं सरकार आणि सरकारचं दप्तर मात्र हलत राहिलं.

पहिला शोध शाळेच्या जनरल रजिस्टरचा. पण 1950 च्या आधी डोंगरातल्या पाड्यावरचं किती पोरं शाळेत गेली असणार? गेलं असलं तरी जातीच्या रकान्यात मास्तरांनी ‘कोकणा’, ‘कोकणी’, ‘कुकणा’ यातलं कानाला जे ऐकू आलं ते लिहिलेलं. या तिन्ही नावांना सरकारी यादीत जागा आहे, तरी एकाच घरात तीन रूपं निघाली की प्रश्न सुरू होतात. दुसरा कागद सावकाराचा. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवराबायकोनं सावकाराकडे राबत राहायचं, या ‘लग्नगडी’ पद्धतीबद्दल गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिलं आहे. तसल्या वह्यांत अंगठे पुष्कळ असतील, पण त्या वह्या कर्जदाराच्या घरी कशा सापडणार? तिसरा कागद वनखात्याचा. जंगलात ‘अतिक्रमण’ केलं म्हणून आजोबांना झालेल्या दंडाची पावती. पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती निघाली की घरात आनंद होतो. ज्या कागदानं आजोबांना गुन्हेगार ठरवलं, तोच आज नातवाच्या हक्काचा पुरावा. आजोबा त्या जमिनीवर होते, हे सरकारनं स्वतःच्या हातानं लिहून दिलेलं असतं.

हे सगळं बघितल्यावर मला एक गोष्ट लख्ख दिसायला लागली. गरीब माणसाचं नाव कागदावर बहुतेक वेळा तेव्हाच चढतं, जेव्हा त्याच्याकडून काहीतरी घ्यायचं असतं.

राजाचं तसं नसतं. जव्हारच्या पहिल्या राजाची गोष्ट इंग्रजांच्या काळातल्या ठाणे गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. आधी जव्हार एका वारली राजाकडे होतं. पौपेरा नावाचा कोळी सरदार, ज्याला पुढे जयबा म्हणू लागले, त्याच्याकडे आला आणि म्हणाला, मला फक्त एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जागा दे. राजा हो म्हणाला. जयबानं कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या जोडल्या आणि राजाची सगळी वस्ती त्यांनी वेढून टाकली. मग वारली राजाला गंभीरगडाकडचा मुलूख देण्यात आला आणि जव्हार जयबाचं झालं. त्याचा मुलगा नीमशाह याला दिल्लीच्या सुलतानानं राजा हा किताब दिला तो दिवस 5 जून 1343. संस्थानात त्या दिवसापासून नवा शक मोजला गेला.

अगदी हीच कातड्याची गोष्ट कार्थेज वसवणाऱ्या डिडो राणीबद्दलही सांगतात. तेव्हा ती जशीच्या तशी घडली असेल असं धरायचं कारण नाही. मला त्यात वेगळंच काहीतरी खटकतं. जिंकणाऱ्याला या गोष्टीत दोन नावं आहेत. त्याच्या मुलाला नाव आहे, किताब आहे, तारीख आहे. ज्याची जमीन गेली त्याला नाव नाही. तो नुसता ‘वारली राजा’. आणि आज त्याच्याच जमातीतल्या पोरांना आपण विचारतो, तुमचे पूर्वज इथंच होते, याचा पुरावा काय?

इथं माझ्या कामातला खरा प्रश्न सुरू होतो. मी जेव्हा एखाद्या घरासाठी 1950 च्या आधीचा कागद शोधते, तेव्हा मी त्या घराला मदत करते, हे उघड आहे. पण त्याच वेळी ‘ज्याचा कागद त्याचेच पूर्वज’ हा नियमही मी पक्का करत नाही का? दहा घरांचे कागद सापडले की अकराव्या घराकडे जास्त संशयानं बघितलं जाणार. त्यांना सापडला, तुम्हाला का नाही?

याला सोपं उत्तर असं देता येईल की पडताळणीच बंद करा. ते मला पटत नाही. आदिवासी नसलेल्या कितीतरी लोकांनी खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा आणि नोकऱ्या घेतल्या. सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2017 मध्ये स्पष्ट सांगितलं की दाखला अवैध ठरला तर त्यावर मिळालेले फायदे राखता येणार नाहीत. तपासणी नसेल तर पहिला मार खऱ्या आदिवासी मुलीलाच बसेल. तिच्यासाठी उभं केलेलं कुंपण तिलाच बाहेर ठेवतं, आणि ते काढलं तर आत भलतेच शिरतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्तानं कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांना कळलं की आजोबांच्या नावापुढचा एक शब्द किती महाग असू शकतो. डोंगरातली माणसं हे आधीपासूनच जगत होती. फक्त त्यांच्याकडे मोडीतलाही कागद नव्हता.

मला वाट दिसली ती कायद्यातच. वनहक्क कायद्याच्या 2007 च्या नियमांमध्ये तेरावा नियम पुराव्यांचा आहे. त्यात सरकारी दप्तर आहे, संस्थानी काळातल्या नोंदीही आहेत. पण त्यांच्या जोडीला घरं, बांध, सपाट केलेली जमीन, जुन्या विहिरी, मसणवट, देवाची ठिकाणं हेही पुरावेच मानले आहेत. जुन्या नोंदीतल्या माणसाशी नातं जोडणारी वंशावळ मानली आहे. आणि शेवटी आहे ते म्हणजे वडीलधाऱ्यांचं सांगणं: दावा करणारा सोडून गावातल्या इतर म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं. म्हणजे बोललेला शब्द पुरावा होऊ शकतो, हे देशाच्या कायद्यानं मान्य केलेलं आहे. तो शब्द लिहून घेणारं कुणीतरी हवं असतं, एवढंच.

म्हणून आता मी कागद शोधण्याइतकाच वेळ ऐकण्याला देते. मसणवटीत कोणाची जागा कुठं, हे दोन म्हाताऱ्यांना वेगवेगळं विचारते आणि दोघांचं जुळलं तर तसं लिहिते. जुळलं नाही तर तेही लिहिते. बांध कुणी घातला, विहीर कुणी खणली, आंब्याचं झाड कुणी लावलं. वर्ष कुणालाच सांगता येत नाही. ‘राजाच्या वेळेला’, ‘राजा गेला त्याच्या नंतर’ अशी उत्तरं मिळतात. पण 1948 ही रेघ त्यातून आपोआप आखली जाते. रिकामी जागा मात्र रिकामीच ठेवायची, हा माझा नियम आहे. चांगल्या हेतूनं भरलेलं एक खोटं नाव फायलीतल्या सगळ्या खऱ्या नावांना बुडवू शकतं.

एका घरी वंशावळ लिहून झाली. चार पिढ्या. जवळजवळ सगळी नावं घरातल्या आजीनं सांगितली: सासरे, त्यांचे भाऊ, त्यांचे बाप, कोण कुठल्या पाड्यावर गेला, कोण लहानपणी वारला. नातीनं मोबाइलवर फोटो काढला आणि एकेका नावावर बोट ठेवून तिला वाचून दाखवलं. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “यात मी कुठं?”

ती कुठंच नव्हती. त्या नमुन्यात बापाकडून मुलाकडे जाणारी रेघ असते. लग्न होऊन आलेली बाई त्या रेघेवर बसत नाही. सून म्हणून आलेल्या बाईनं सासरच्या चार पिढ्या तोंडपाठ ठेवल्या, आणि त्या वंशाचा तक्ता तिच्याशिवाय पूर्ण झाला. वनहक्काच्या पट्ट्यावर नवराबायको दोघांचीही नावं लागतात, ही त्या कायद्यातली चांगली गोष्ट मी तिला सांगितली. मग वहीचं दुसरं पान उघडलं. त्यावर तिचं नाव, तिच्या माहेरचा पाडा, तिची आई, आईची आई. ते पान कुठल्याही समितीला लागणार नाही. नात म्हणाली, ते आधी लॅमिनेट करायचं.

काही घरी माणसं एखाद्या नावाशी थांबतात. “त्याचं नका लिहू.” कर्जात गेलेला भाऊ असेल, कुणाला सोडून गेलेली बहीण असेल, काहीही असेल. मी कारण विचारत नाही. हक्कासाठी जेवढं लागतं तेवढंच मागायचं. मेलेल्या माणसाची अब्रू त्याच्या घरच्यांच्या हातात असते, माझ्या वहीत नाही. वहीही शेवटी त्याच घरी राहते, आणि तिचा फोटो माझ्या स्टेटसवर जात नाही.

‘पायोनियर’ या शब्दाबद्दलही माझं मत आता बदललं आहे. सगळ्यात आधी कोण आलं, हा प्रश्न ऐकायला रुबाबदार आहे. पण त्याचं उत्तर नेहमी कातड्याच्या गोष्टीसारखं निघतं: पहिल्याच्या आधी कुणीतरी असतंच, आणि त्याचं नाव गेलेलं असतं. अमेरिकेतल्या त्या प्रमाणपत्रांच्या सालाआधीही तिथं माणसं राहत होती. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: कोण राहिलं? दुष्काळात, कर्जात, दंडात, वीटभट्टीच्या हंगामानंतर दरवर्षी परत येऊन या उतारावर कुणी नागली लावली? याचं उत्तर दप्तरात नसलं तरी बांधात असतं. ते वाचायला थोडी मेहनत पडते, एवढंच.

तुमच्या घरी 1950 आधीचा कागद असेल. असला तर तो जपा, आणि तो असणं ही आपली लायकी नव्हे, नशीब आहे, हे लक्षात ठेवा. नसेल, तर या रविवारी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ फोनचा रेकॉर्डर चालू करून बसा. तिला विचारून, अर्थातच. सासरची नावं ती सांगेलच, कारण तिला कायम तीच विचारली गेली आहेत. ती सांगून झाली की तिच्या आजीचं नाव विचारा.