स्वस्त वस्तूचे शील

माणसाच्या कृतीस आपण चांगली किंवा वाईट म्हणतो. वस्तूस मात्र सोयीची किंवा गैरसोयीची, टिकाऊ किंवा तकलादू एवढीच विशेषणे लावतो. शील माणसाला असते, वस्तूला नसते, असा आपला सर्वसाधारण समज आहे आणि वरवर पाहता तो बरोबरही आहे. परंतु घडविलेली प्रत्येक वस्तू ही कोणाच्या तरी शेकडो निर्णयांची गोळाबेरीज असते. येथे पत्रा जाड घ्यावा की पातळ, हा सांधा कोणास दिसणार नाही म्हणून कच्चा ठेवावा की पक्का करावा, असे प्रश्न कर्त्याने मनाशी सोडविलेले असतात. आणि ते सोडविताना, ती वस्तू विकत घेणाऱ्या माणसाविषयीचा त्याचा खरा भाव प्रकट झालेला असतो. श्रीमंतासाठी वस्तू करताना हा भाव फारसा कसास लागत नाही, कारण तेथे पुष्कळशा प्रश्नांची उत्तरे पैसाच परस्पर देऊन टाकतो. ज्याच्या गाठीस पैसा थोडा आहे त्याच्यासाठी वस्तू करावयाची म्हणजे काही तरी वगळावेच लागते. काय वगळावे, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा आहे हे उघडच आहे. पण तो त्याहून अधिक नीतिशास्त्राचा आहे, असे आम्हांस वाटते.

ह्या प्रश्नाच्या विवेचनासाठी आम्ही एका जुन्या फ्रेंच मोटारगाडीचे उदाहरण घेणार आहोत. वाङ्मयाला वाहिलेल्या पृष्ठांत मोटारीची चर्चा पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु शुद्ध तत्त्वांचा ऊहापोह पुष्कळदा हवेत राहतो. तो जमिनीवर आणावयास एखादे चार चाकांचे उदाहरण वाईट नाही.

ही गाडी म्हणजे ‘रेनो ४’. रेनो कारखाना १९४५ साली फ्रान्सच्या सरकारने राष्ट्राच्या मालकीचा केला, आणि १९५५ पासून पिएर द्रेफ्यूस हे त्याचे प्रमुख होते. खेड्यातल्या माणसाला आणि शहरातल्या माणसाला, कामाच्या दिवशी आणि सुटीच्या दिवशी, सारखीच उपयोगी पडेल अशी एकच स्वस्त गाडी असावी, अशी त्यांची कल्पना होती. आणि तिची तुलना ते जाड्याभरड्या निळ्या जीन विजारीशी करीत असत. त्या विजारीला प्रतिष्ठा नाही, पण ती कोणालाही विशोभितही दिसत नाही. १९६१ साली गाडी बाजारात आली आणि १९९४ पर्यंत, निरनिराळ्या देशांत मिळून, ८० लक्षांहून अधिक गाड्या तयार झाल्या. आकाराने ती एक लहानशी स्टेशन वॅगनच होती. माणसे आणि सामान एकाच छपराखाली, मागे वर उघडणारे पाचवे दार, आणि त्या दाराचा उंबरठा इतका खाली की जड पेटीही फारशी न उचलता आत सरकवावी. मागचे बाक काढून ठेवले की सपाट तळाची छोटी मालगाडी तयार होई. रविवारी ते पुन्हा बसविले की तीच गाडी सहकुटुंब सहलीला निघे.

आता हिच्यात काय वगळले होते ते पाहू. चकचकाट वगळला होता. दारांच्या काचा वर-खाली होत नसत, त्या नुसत्या सरकत. बैठका म्हणजे नळ्यांच्या चौकटीवर ताणून बसविलेले कापड. चाक तीनच नटांनी बसविलेले. गिअरचा दांडा छत्रीच्या मुठीसारखा समोरच्या फळीतून बाहेर आलेला. कारण गिअरची पेटी एंजिनाच्याही पुढे होती आणि दांडा एंजिनावरून नेणे हाच तेथवर पोचण्याचा सरळ मार्ग होता. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. हे सारे उणेपण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत होते. दुकानात उभे राहून ते पाच मिनिटांत मोजता येत होते.

आणि काय ठेवले होते? जे डोळ्यांना दिसत नाही ते. चारही चाकांना स्वतंत्र झेल दिलेला होता, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याने आपला मार्ग सोडू नये. एंजिन थंड ठेवणारे पाणी बंद नळ्यांत फिरत असे, त्यामुळे ते वारंवार भरण्याची कटकट नव्हती. त्या काळी इतर गाड्यांना ठरावीक मैलांनंतर सांध्यासांध्यांत वंगण घालून घ्यावे लागे. हिला त्याची गरजच ठेवलेली नव्हती. ज्याच्यापाशी पैसा कमी असतो त्याच्यापाशी निगेसाठी फुरसतही कमीच असते, आणि स्वस्तात घेतलेली वस्तू पुढे दुरुस्तीच्या रूपाने आपली किंमत हप्त्याहप्त्याने वसूल करीत असते. गाडी घडविणाऱ्यांनी ही गोष्ट ओळखली होती, आणि आमच्या मते त्यांच्या शीलाचे हेच गमक होय. वगळले ते देखत, आणि राखले ते नकळत. काटकसर आणि फसवणूक ह्यांत भेद कोठे करावा असे कोणी विचारील, तर तो नेमका येथे करावा. लबाड कारागीर ह्याच्या उलट करतो. तो दिसणारे राखतो आणि न दिसणारे वगळतो.

ह्या गाडीच्या रचनेत एक विलक्षण गोष्ट अशी की तिच्या दोन बाजू सारख्या नाहीत. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर एका बाजूस दुसऱ्या बाजूपेक्षा ४८ मिलिमीटरांनी, म्हणजे जवळजवळ दोन इंचांनी, अधिक आहे. ह्याचे कारण मोठे बोधप्रद आहे. मागच्या चाकांचा धक्का झेलण्यासाठी हिच्यात वेटोळ्यांची कमान नाही. पोलादाची एक सरळ दांडी आहे, जिचे एक टोक पक्के बांधलेले असून दुसऱ्या टोकास चाकाचा दांडा पीळ देतो. अशी दांडी जितकी लांब तितका तिचा पीळ मऊ. म्हणून प्रत्येक दांडी गाडीच्या पूर्ण रुंदीएवढी घेतली आणि ती तळाखाली आडवी टाकली. परंतु दोन दांड्या एकाच ओळीत राहणार कशा? एकीला दुसरीच्या मागे सरकावे लागले, आणि तिच्यासंगे चाकही सरकले. दोन्ही बाजू समान ठेवावयाच्या तर दांड्या आखूड कराव्या लागत्या, म्हणजे बैठक कठीण झाली असती. किंवा दुसरी एखादी कमान घालावी लागती, म्हणजे सामानाच्या सपाट जागेत उंचवटे आले असते. रचनाकारांनी समरूपतेचा मोह सोडला आणि मागे बसणाऱ्याची पाठ व सामानाची जागा सांभाळली. समरूपता ही पाहणाऱ्यासाठी असते. दोन इंचांची ही विषमता बसणाऱ्यासाठी होती. व्यवहारातही आपण पुष्कळदा सर्वांस सारखेच देऊन न्याय केल्याचे समाधान मानतो. प्रत्येकाचे ओझे नीट पेलले जाते की नाही हे पाहण्याचे कष्ट घेत नाही.

येथे कोणी असे म्हणेल की, वगळणे हाच गुण असेल तर आणखी वगळावे. गरजेपुरते ठेवून बाकी सारे काढून टाकावे. ह्या युक्तिवादाचा निकाल त्याच वर्षी बाजाराने लावला. रेनो ४ बरोबर ‘रेनो ३’ नावाची आणखी स्वस्त गाडीही १९६१ साली निघाली होती. तिचे एंजिन ७४७ ऐवजी ६०३ घनसेंटिमीटरांचे होते, आणि मागच्या दारापलीकडे, जेथे वरच्या प्रतीच्या रेनो ४ ला तिसरी काच असे, तेथे हिला कोरा पत्रा होता. ती फारशी कोणी घेतली नाही आणि १९६२ मध्ये ती बंद झाली. लोकांनी थोडे अधिक पैसे देऊन काचवाली गाडी पसंत केली. ती काच नसली म्हणून प्रवास अडत नव्हता, हे खरे. पण माणसाची गरज केवळ प्रवास अडतो की नाही ह्यावरून ठरत नाही. आपली गरिबी रस्त्यावरच्या प्रत्येकास वाचता यावी असे कोणासच वाटत नाही. काटकसरीचीही एक सीमा आहे. तिच्यापलीकडे गेले की काटकसर ही घेणाऱ्याची उपेक्षा होऊन बसते.

परंतु ही सीमा गिऱ्हाइकास सांगता आली, कारण त्यास नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य होते. ते नसेल तर काय होते ह्याचे उदाहरण पूर्व जर्मनीत सापडते. झ्विकाउ येथील ‘ट्राबांट ६०१’ ही गाडी १९६४ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी तिची ‘युनिव्हर्सल’ नावाची स्टेशन वॅगनही आली. पोलादी पत्रा दुर्मिळ, म्हणून तिचे अंग कापसाचा चुरा व राळ ह्यांच्या मिश्रणाचे केले होते. ही युक्ती हसण्याजोगी नव्हे. उलट तीत कल्पकता होती. अधिक चांगल्या गाडीचे आराखडेही तेथील अभियंत्यांनी तयार केले होते, पण सत्ताधाऱ्यांनी ते बाजूस सारले. आणि तीच गाडी थोड्याफार फरकाने १९९० पर्यंत निघत राहिली. ती मिळण्यासाठी लोक दहा-दहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहत. कारागीर प्रामाणिक होते, वस्तूही आपल्या परीने इमानी होती. पण जेथे घेणाऱ्याचा नकार ऐकूच येत नाही तेथे देणाऱ्याची सद्‌बुद्धी हळूहळू गंजते.

गंजाचा विषय निघालाच आहे तर आमच्या आवडत्या उदाहरणासही तो चुकला नाही हे सांगितले पाहिजे. रेनो ४ चा पातळ पत्रा आणि तिचा तळ गंजत असे, आणि तो गंज प्रथम तेथे धरी जेथे मालकाची नजर जात नाही. शिवाय टक्कर झाली असता आतील माणसांचे रक्षण कसे व्हावे ह्याविषयी आज जे ज्ञान आहे त्याच्या कसोटीस ही गाडी मुळीच उतरणार नाही. ह्यावरून गाडी घडविणाऱ्यांचे शील खोटे ठरत नाही, पण आपल्या सिद्धान्तास एक पुरवणी मात्र जोडावी लागते: ‘आवश्यक’ कशास म्हणावे ही गोष्ट ज्ञानाबरोबर वाढत जाते. १९६१ साली जे वगळणे क्षम्य होते, ते आज जाणूनबुजून वगळणारा मनुष्य गरिबाचा कैवारी म्हणवून घेऊ शकत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. वस्तू ही ज्याच्या हाती पडेल त्याची. तिच्या ठायी शील कसले? ९ मे १९७८ रोजी इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो ह्यांचा मृतदेह रोममध्ये एका लाल रेनो ४ च्या मागच्या जागेत सापडला. ज्या सपाट जागेची आम्ही स्तुती केली, तीच ही जागा. आणि २०१३ साली दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी एका धर्मोपदेशकाकडून जी गाडी भेट म्हणून स्वीकारली ती १९८४ सालची, सुमारे तीन लक्ष किलोमीटर चाललेली रेनो ४ च होती. खुनी आणि धर्मगुरू ह्या दोघांशी गाडीचे वर्तन एकच. तेव्हा वस्तूचे शील तिच्या वापरात शोधू नये, हा आक्षेप आम्ही मान्य करतो. पण त्यामुळे आमचे म्हणणे अधिकच स्पष्ट होते. वापरणारा आपल्या कृत्याचा धनी आहे, आणि घडविणारा आपल्या कृत्याचा. आपली वस्तू कोणाच्या हाती जाईल हे त्यास ठाऊक नसते, त्या माणसाचे तोंडही तो कधी पाहत नाही. आणि असे असूनही त्याच्या पाठीचा, वेळेचा व अब्रूचा विचार तो करतो किंवा करीत नाही.

आपणांपैकी फार थोडे लोक मोटारी तयार करतात. परंतु अल्पवेतनी माणसासाठी घर बांधणारा, खेड्यातील मुलांसाठी पाठ्यपुस्तक लिहिणारा, गरिबांच्या दवाखान्यात औषधाची पुडी बांधणारा, ह्या सर्वांपुढे तोच प्रश्न उभा असतो. थोडक्यात भागवावयाचे आहे; मग उणे कोठे ठेवावे? जेथे घेणाऱ्यास दिसेल तेथे, की जेथे तो कधी पाहणार नाही तेथे? ह्या प्रश्नाचे उत्तर देताना समोर कोणी साक्षीदार नसतो, आणि म्हणूनच ते उत्तर खरे असते.