जुनी गाडी रंगवावी का?

आमच्या अंगणात चिंचेखाली बाबांची पिकअप गाडी तीन पावसाळे उभी होती. २००८ साली बाबांनी ती घेतली, तेव्हा मालवाहू गाडी दारात येणे हा आमच्या घरचा सणच होता. पहाटे तीनला वाडीतली भाजी आणि सोनचाफा भरून ते दादरचा बाजार गाठत. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले, तेव्हा याच गाडीच्या हौद्यात बसून शेजारची म्हातारी माणसे सुरक्षित ठिकाणी पोहोचली. बाबा गेले आणि गाडीही थांबली.

गेल्या वर्षी धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, बाबांच्या पुण्यतिथीच्या मिस्सेआधी गाडीला पुन्हा निळा रंग देऊ या. नवी कोरी दिसेल." मी म्हणालो, "भंगारात दे. एवढा खर्च करून मिळणार काय?" दोघांनाही आपलेच खरे वाटत होते. दोन आठवडे आम्ही एकमेकांशी नीट बोललो नाही. आई एवढेच म्हणाली, "तुम्ही गाडीवरून भांडता की बाबांवरून?"

प्रिय वाचकहो, असा प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी येतो. कुठे आजोबांची होडी असते, कुठे आजीचे शिवणयंत्र, तर कुठे कौलारू घर. जुनी वस्तू दुरुस्त करून ठेवणे म्हणजे कृतज्ञता की हट्ट? आणि टाकून देणे म्हणजे शहाणपण की कोडगेपणा?

शेवटी आम्ही ओळखीच्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी रंगाकडे पाहिलेही नाही. ते गाडीखाली आडवे झाले आणि हातोडीने चॅसिस ठोकत गेले. लोखंड धड असेल तिथे खणखणीत आवाज येतो, गंजाने पोखरलेले असेल तिथे बद्द. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड लवकर गंजते. केबिनचा तळ आणि हौद्याचा पत्रा पार कुजला होता, पण चॅसिस एका जागेचा अपवाद सोडला तर शाबूत होती. ते भावाला म्हणाले, "पुट्टी भरून रंग मारून देतो, आठ दिवसांत गाडी चमकेल. पण दोन पावसाळ्यांत फुगे येतील. रंगाखाली ओल अडकली की गंज आतल्या आत पत्रा खातच राहतो. नीट करायचे तर कुजलेला पत्रा कापा, नवा जोडा, गंज खरवडा, प्रायमर द्या आणि मग रंग."

हे ऐकून मला माझेही चुकलेले कळले. रंग म्हणजे नुसती हौस, असे मी धरून चाललो होतो. वास्तविक रंग हे लोखंडाचे कातडे आहे. प्रश्न एवढाच, की तो गंज झाकण्यासाठी लावायचा की पत्रा राखण्यासाठी?

लूकच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला आहे. आधी बसून खर्चाचा हिशोब करावा, हे प्रभू तिथे शिकवतो. आम्हीही कागद घेऊन बसलो. पत्रा, वेल्डिंग आणि रंग यांचे पंचावन्न हजार; ब्रेक, पाटे, टायर आणि इंजिन यांचे साठ हजार. शिवाय आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि पंधरा वर्षांवरील गाड्यांसाठी त्याचे शुल्क २०२२ पासून बरेच वाढले आहे. दुसऱ्या बाजूला, २०२१ च्या भंगार धोरणानुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली तर प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते. धुराचाही हिशोब मांडला. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज-६ गाड्यांपेक्षा आमच्या गाडीचा धूर नक्कीच वाईट. पण नवी गाडी घडवायलाही पोलाद लागते आणि एक टन पोलादामागे जगात सरासरी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे रोज दादर गाठायचे तर जुनी गाडी चालवणे योग्य नाही. आठवड्यातून दोनदा जवळच्या बाजारापर्यंत जायचे तर विचार करता येईल.

मग भाऊ म्हणाला, "पैसे कुठून काढायचे ते पाहण्याआधी घरचे बाकीचे खर्च लिही." लिहिता लिहिता आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सर्वांत वर आली. ती आम्ही दोघेही वर्षभर पुढे ढकलत होतो. बाबांच्या आठवणीवरून भांडणाऱ्या आम्हा मुलांना समोर बसलेल्या आईचे डोळे दिसले नव्हते. कागद बराच वेळ तसाच टेबलावर राहिला.

प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क एका जहाजाविषयी सांगतो. अथेन्सच्या लोकांनी थेसियसचे जहाज जपले. कुजेल ती फळी ते बदलत गेले, आणि पुढे विचारवंतांत वाद सुरू झाला की हे तेच जहाज की दुसरे? आमच्या गाडीचा हौदा नवा, तळ नवा, रंग नवा. मग ती बाबांची गाडी राहील का? मला वाटते, याचे उत्तर पत्र्यात नाही, कामात आहे. ती पुन्हा कुणाची भाजी वाहील, अडल्यानडल्याला उपयोगी पडेल, तर ती बाबांचीच. नुसती रंगवून चिंचेखाली उभी केली, तर ती बाबांची तसबीर. आणि तसबीर तर घरात आहेच.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात वापरा-आणि-फेका वृत्तीवर टीका केली आहे. वस्तू पुन्हा वापरणे ही प्रेमाची कृती ठरू शकते, असे ते म्हणतात. मात्र त्यामागचा हेतू योग्य असला पाहिजे, हेही ते सांगतात. हेतू तपासायचा म्हटल्यावर मलाही कबूल करावे लागले: मला गाडी भंगारात हवी होती, कारण चिंचेखाली मला माझी कार लावायची होती. काटकसरीचे नाव मी त्याला मागाहून दिले.

आम्ही ठरवले ते असे. आधी आईचा डोळा. मग चॅसिस, ब्रेक आणि इंजिन. ठरल्या रकमेच्या वर खर्च गेला तर तिथेच थांबायचे आणि गाडी भंगार केंद्रात द्यायची, मनात कडवटपणा न ठेवता. रंग सर्वांत शेवटी. पुण्यतिथीची मिस्सा झाली तेव्हा गाडी अजून गंजकीच होती. आई मात्र चष्म्याशिवाय वेदीकडे पाहत होती.

रंग पुढे चार महिन्यांनी झाला, तोच निळा. आज भाऊ आठवड्यातून दोनदा तीन शेजाऱ्यांची भाजी बाजारात नेतो. हिशोबाच्या वहीत हा व्यवहार अजून तोट्यातच आहे, हे लपवत नाही.

तुमच्याही अंगणात अशी एखादी वस्तू असेल. ती ठेवा किंवा सोडून द्या, दोन्ही योग्य ठरू शकते. फक्त रंगाचा डबा उघडण्याआधी हातोडीने एकदा ठोकून पाहा. वस्तूला, आणि आपल्या हेतूलाही.